भूल देण्याआधी एवढं विचारा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



आपल्याकडे ऑपरेशनची तारीख ठरली की पेशंटच्या हातात एक छापील कागद देतात. रात्री दहानंतर काही खाऊ नये. सकाळी पाणीही पिऊ नये. दागिने घरी ठेवून यावे, नखांचा रंग काढावा. बीपीची गोळी चालू असल्यास पहाटे घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. बहुतेकांना हा कागद पुरतो. ज्यांची अन्ननलिकाच नीट काम करत नाही त्यांना तो पुरत नाही, आणि त्यातल्या एखाद्याच्या जिवावर बेततो. त्या कागदाआधी विचारायचा एक प्रश्न आणि त्याच्यासोबत द्यायचा आणखी एक कागद, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे.

मला अ‍ॅकॅलेझिया आहे. अन्ननलिका म्हणजे साधारण पंचवीस सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास गिळला की तिच्यातून वरून खाली एक लाट जाते, आणि जठराच्या तोंडाशी असलेली झडप सैल होऊन घास आत जातो. या आजारात नळीच्या भिंतीतल्या, झडपेला सैल करणाऱ्या मज्जापेशी हळूहळू नष्ट होतात. मग लाट उठत नाही आणि झडप पुरती उघडत नाही. खाल्लेलं नळीतच साचतं, वर्षानुवर्षांच्या साचण्याने नळी फुगत जाते. जगभरात लाखामागे साधारण एकाला दरवर्षी हा आजार नव्याने होतो. २०११च्या जनगणनेत आपल्या राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी होती. तेच प्रमाण इथे धरलं तर दरवर्षी हजाराच्या वर माणसं या रांगेत नव्याने येतात, आणि आधीची तर रांगेत आहेतच, कारण हा आजार मुळापासून बरा होत नाही.

आजार नवा नाही. १६७४ साली इंग्लंडच्या टॉमस विलिस या डॉक्टरने अशा एका पेशंटची हकीकत लिहून ठेवली आहे. देवमाशाच्या हाडाच्या पट्टीला टोकाशी स्पंज बांधून तो माणूस खाल्लेलं अन्न खाली ढकलत असे आणि त्यावर तो वर्षानुवर्षं जगला. आज उपाय पुष्कळ सुधारले आहेत. फुगा घालून झडप ताणतात. १९१३ साली जर्मनीच्या एर्न्स्ट हेलरने झडपेचे स्नायू कापायची शस्त्रक्रिया केली, ती आता दुर्बिणीतून करतात. २००८ साली जपानच्या हारुहिरो इनोउए यांनी तोंडावाटे एंडोस्कोप घालून आतूनच ते स्नायू कापायची पद्धत सुरू केली. तिला पोएम म्हणतात आणि ती आता भारतातही होते. माझा फुगा घालून झालेला आहे. पण यातल्या कुठल्याच उपायाने ती लाट परत येत नाही. दार थोडं उघडं राहतं आणि अन्न स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, तेही माणूस ताठ बसलेला किंवा उभा असेल तर. आडवं झालं की ते नळीतच थांबतं किंवा उलट घशाकडे येतं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटला आडवं करतात, आणि आमचा धोका तिथेच आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत सगळ्या बाईंचे डबे उघडतात, तेव्हा माझ्या डब्यात मऊ भात आणि भरपूर पातळ आमटी असते. चार घास झाले की मी उठते, खिडकीपाशी उभी राहून कोमट पाणी पिते, खांदे मागे ओढते आणि छातीतलं ते दडपण खाली सरकायची वाट पाहते. कधी सरकतं. नाही सरकलं तर मोरीवर जाऊन सगळं बाहेर काढावं लागतं. ती उलटी नव्हे, मळमळ नसते, आंबट चव नसते. जसं गेलं तसंच परत येतं, कारण ते जठरापर्यंत पोचलेलंच नसतं. भाकरी सुटली, चपाती फक्त दुधात कुस्करून. लग्नाच्या पंगतीला बसायचं मी सोडलं आहे, कारण आग्रह करणाऱ्याला काय सांगावं ते कळत नाही. रात्री दोन-तीन उशा घेऊन अर्धवट बसूनच झोपते. मध्यरात्री ठसका लागून जाग आली आणि उशी ओली असली, तर रात्रीचं जेवण लवकर आवरायला हवं होतं हे समजतं.

निदान व्हायला मला काही वर्षं लागली. आमच्यातल्या पुष्कळ जणांची हीच कथा आहे. जळजळ होते म्हटलं की अ‍ॅसिडिटीची गोळी मिळते. वजन उतरतं म्हटलं की टीबीच्या तपासण्या होतात. बाई असेल तर तिला सांगतात की मनावर घेऊ नका. हे शेवटचं मी अनेकदा ऐकलं आहे आणि ते ऐकताना होणारी चीड आजही तेवढीच ताजी आहे. घास अडकतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्या मनाकडे बोट दाखवण्याआधी बेरियम पाजून एक्स-रे काढावा. खाली निमुळती होत गेलेली, पक्ष्याच्या चोचीसारखी नळी त्यात दिसली की निदानाची वाट मोकळी होते. नळीतला दाब मोजणारी मॅनोमेट्री मोठ्या शहरांतच मिळते, पण बेरियमचा एक्स-रे जिल्ह्याच्या गावी काढता येतो.

आता उपाशीपोटाच्या नियमाबद्दल. हा नियम उगाच आलेला नाही. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन या प्रसूतितज्ज्ञाने ४४,०१६ बाळंतपणांच्या नोंदींवरून एक लेख प्रसिद्ध केला. त्यांतल्या ६६ बायकांच्या बाबतीत भूल दिलेली असताना पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं होतं, आणि दोघी घन अन्नाने श्वास कोंडून गेल्या होत्या. भूल दिली की खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रिया थांबते, म्हणून वर आलेलं अन्न श्वासनलिकेत गेलं तरी शरीर ते झटकू शकत नाही. त्यातूनच पुढे जगभर नियम बसत गेले. स्वच्छ पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, हलकं खाणं सहा तास आधी आणि तेलकट किंवा मांसाहार आठ तास आधी थांबवायचं. हे तास म्हणजे जठर रिकामं व्हायला लागणारा वेळ. निरोगी माणसाच्या जठरासाठी हा हिशेब चोख आहे. पण माझं जेवण जठरात गेलेलंच नसेल तर जठराच्या घड्याळाने माझी तयारी कशी मोजणार? रात्री दहाला खाणं थांबवलं तरी सकाळी सातला संध्याकाळचा भात नळीत असू शकतो. दुपारचाही असू शकतो. जठर लवकर रिकामं व्हावं म्हणून दिलेल्या इंजेक्शनाने तो भात हलत नाही, कारण ते औषध जठरावर चालतं.

मला पित्ताशयातल्या खड्यांसाठी ऑपरेशन करून घ्यायचं होतं. एका दवाखान्यात भुलीच्या आधीची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी मधुमेह विचारला, दमा विचारला, हलणारे दात आहेत का, कवळी आहे का, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, आधी भूल घेतली आहे का, सगळं विचारलं. गिळण्याबद्दल त्या फॉर्मवर रकानाच नव्हता. मी आपणहून सांगितलं, बेरियमची फिल्म पुढे केली. फॉर्मवर लिहिलं गेलं ते 'अ‍ॅसिडिटी'. पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या लिहून मिळाल्या आणि हातात तोच छापील कागद. त्या डॉक्टरांना माझ्या जिवाची पर्वा नव्हती असं मी म्हणणार नाही. बाहेर रांग होती आणि फॉर्मवर जेवढे रकाने होते तेवढे त्यांनी भरले. रकाना असता तर माझी फिल्म त्यांना पाहावी लागली असती.

मी दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथल्या भूलतज्ज्ञ बाईंनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काल रात्री जेवलेलं आज सकाळी तोंडात येतं का?" इतक्या वर्षांत असं नेमकं मला कुणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी त्याच छापील कागदाच्या पाठीवर हाताने माझ्यापुरत्या सूचना लिहिल्या. ऑपरेशनच्या आधीचे काही दिवस घन काहीच नाही. तांदळाची पेज गाळून, वरणाचं पाणी, पातळ ताक. शेवटच्या दिवशी फक्त पारदर्शक पातळ, म्हणजे पाणी, शहाळं, गाळलेलं लिंबूसरबत. प्रत्येक घोट ताठ बसून घ्यायचा, प्यायल्यावर आडवं व्हायचं नाही, झोपायचं तेही अर्धवट बसून. रात्रीपासून घोटही नाही. गोळ्यांपैकी कुठली पातळ औषधात मिळते, कुठली बंद ठेवायची आणि कुठली इंजेक्शनातून देता येईल हे त्यांनी फिजिशियनशी बोलून ठरवलं. माझं वजन आधीच कमी, त्यात इतके दिवस पातळावर राहायचं, म्हणून साखर तपासून पहाटे सलाईन लावायचं ठरलं आणि यादीत माझा नंबर पहिला घेतला. हे माझ्यापुरतं होतं. नळी किती फुगली आहे त्यावर दुसऱ्या कुणाला एक-दोन दिवस पुरतील, कुणाला जास्त लागतील, आणि ते भूलतज्ज्ञांनीच ठरवायचं.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मी जागी असताना, टेबलाचं डोकं उंच ठेवून, जाड नळी अन्ननलिकेत उतरवली आणि सक्शन लावलं. ते सोसणं सोपं नसतं, डोळ्यांतून पाणी येतं, पण सिस्टर हात धरून होत्या. बाटलीत आधी फेसाळ पाणी आलं, मग चिकट पांढरा थर, आणि त्या थरात भाताची दोन-चार शितं. गाळलेली पेज पिऊन मी तिथे आले होते. म्हणजे ती शितं पातळ खाणं सुरू करायच्याही आधीच्या भाताची होती. बाईंनी बाटली मला दाखवली आणि म्हणाल्या, "हे तुमच्या फुप्फुसात जायचं होतं." मग डोकं उंच ठेवूनच झटपट गुंगी आणून लगोलग श्वासनलिकेत नळी बसवली. मी खडखडीत बरी होऊन घरी आले.

साहेब, या सगळ्यात महागडं काही नव्हतं. सक्शन प्रत्येक थिएटरमध्ये असतं, जाड नळी असते, वर-खाली होणारं टेबल असतं. फक्त काही दिवस आधी कुणीतरी विचारावं लागतं.

शस्त्रक्रियेच्या आधी तपासून पाहायच्या गोष्टींची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली जगभरात दिली. ती तयार करण्यात पुढाकार होता डॉ. अतुल गवांदे यांचा, ज्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. त्या यादीत भूल देण्याआधीच्या भागात श्वासमार्ग अवघड आहे का, पोटातलं फुप्फुसात जाण्याचा धोका आहे का, असा प्रश्न आहेच. पण तो विचारतात पेशंट टेबलावर आल्यावर. तेव्हा 'हो' असं उत्तर आलं तर भूलतज्ज्ञ सावध होतील, सक्शन हाताशी घेतील, फार तर ऑपरेशन पुढे ढकलतील. पातळ खाण्याचे दिवस मात्र तोवर हातातून गेलेले असतात. गावाकडून रजा टाकून, गाडी करून, शेजाऱ्याला गुरं सोपवून आलेल्या माणसाला परत पाठवणं म्हणजे काय, हे आपण जाणता. म्हणून हा प्रश्न ओपीडीत, तारीख देतानाच विचारायला हवा.

आपल्या राज्यातल्या भूलतज्ज्ञांनी असा एक बदल आधीच अंगवळणी पाडला आहे. गुटखा-सुपारीने तोंड आखडलेले पेशंट इतके येतात की तोंड किती उघडतं, तीन बोटं बसतात का, हे पाहिल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली, पण आखडलेली तोंडं अजून येतच आहेत. तोंड उघडायला लावलंच आहे, तर त्याच दमात आणखी एक वाक्य विचारता येईल.

आणि ते वाक्य एकट्या अ‍ॅकॅलेझियाच्या पेशंटसाठी नाही. अर्धांगवायू होऊन गेलेले आजोबा पाण्यालाही ठसकतात. पार्किन्सनच्या पेशंटचं गिळणं मंदावतं. घशाच्या कॅन्सरला शेक दिलेल्यांची नळी आवळते. ही सगळी माणसं मोतीबिंदूच्या शिबिरात, हर्नियासाठी, मांडीचं हाड मोडलं म्हणून, कधी ना कधी टेबलावर येतातच. मोतीबिंदूला तर पूर्ण भूलही नसते, पण चेहऱ्यावर कापड टाकून सपाट झोपवतात, आणि घशाशी काही आलं तर त्या माणसाला उठताही येत नाही.

बिनभुलीच्या तपासण्यांतही हीच अडचण येते. मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीआधी पोट साफ करायचं औषध दोन ते चार लिटर पाण्यात मिसळून थोड्या वेळात संपवायला सांगतात. आमच्या नळीतून ते त्या गतीने उतरत नाही, छातीत भरत जातं आणि आडवं होताच उलट येतं. सीटी स्कॅनला प्यायला लावतात त्यातली काही द्रव्यं चुकून फुप्फुसात गेली तर तिथे पाणी साचतं. डिस्चार्जच्या वेळी मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या आणि डॉक्सिसायक्लिनसारखी अँटिबायोटिक कॅप्सूल नळीत अडकून राहिली तर तिथे जखम करते, म्हणून घरी जातानाची औषधंही शक्य तिथे पातळ हवीत. सगळ्याच गोळ्या कुटून चालत नाहीत, हेही घरच्यांना कुणीतरी सांगायला हवं.

अपेंडिक्स मध्यरात्री फुटतं, सिझेरियन ऐन वेळी ठरतं. तिथे दिवसांची तयारी शक्य नाही. तिथे पेशंटच्या केसपेपरवर आधीच ठळक लिहिलेलं असलं, किंवा तिच्या पर्समध्ये एक कार्ड असलं, तर भूलतज्ज्ञाला पहिल्याच मिनिटाला कळेल. ती बेशुद्ध असेल तर तिच्या वतीने तेच कार्ड बोलेल. मी माझं कार्ड हाताने लिहून लॅमिनेट करून घेतलं आहे. मराठीत आणि इंग्रजीत, शाळेच्या ओळखपत्राच्या मागे.

आपल्या खात्याकडे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयं आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून खासगी रुग्णालयांपर्यंतही आपला हात पोचतो. भुलीआधीच्या तपासणीच्या फॉर्मवर पुढचा रकाना आपण घालावा, अशी माझी विनंती आहे: "घास किंवा पाणी गिळताना अडकतं का? खाल्लेलं काही तासांनी न पचता तोंडात परत येतं का? आडवं झाल्यावर ठसका लागतो का?" एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर त्या पेशंटला नेहमीचा कागद देऊन घरी पाठवू नये, भूलतज्ज्ञांना भेटल्याशिवाय तारीख देऊ नये. मेडिकल कॉलेजांची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत, तिथेही हाच फॉर्म जावा म्हणून आपण त्या खात्याच्या मंत्रिमहोदयांशी बोलावं.

वेगळ्या सूचनांच्या कागदाचा एक कच्चा मसुदा मी सोबत जोडला आहे. मोठ्या अक्षरात, एका पानावर, आशाताईंना वाचून दाखवता येईल अशा मराठीत. किती दिवस पातळ खायचं, कुठल्या वेळेपासून पाणी बंद आणि कुठल्या गोळ्या थांबवायच्या, या तीन जागा मी मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत. त्या प्रत्येक पेशंटपुरत्या डॉक्टरांनी पेनाने भरायच्या आहेत. बाकीचा मजकूर भूलतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ यांच्याकडून तपासून घ्यावा, चुकलेलं खोडावं आणि छापायला द्यावा.

आपली विश्वासू,
गिळण्याच्या आजाराची एक पेशंट आणि शिक्षिका
जि. सातारा